सातबारा संगणकावर आला म्हणजे नेमके काय झाले

पीककर्ज, विहिरीचे अनुदान, भावाभावांतील वाटणी, खरेदीखत, न्यायालयातील दावा यांपैकी कोणतेही काम सातबाऱ्याच्या उताऱ्याशिवाय पुढे सरकत नाही. हा उतारा आज घरबसल्या, तलाठ्याच्या डिजिटल स्वाक्षरीसह, १५ रुपयांत मिळतो. जमिनीच्या नोंदी संगणकावर नेण्याची केंद्र सरकारची पहिली योजना १९८८-८९ साली देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा राज्यस्तरीय प्रारंभ झाला तो १ मे २०१८ रोजी. मधली जवळजवळ तीस वर्षे कशात गेली, हे समजून घेतले की हजारो सरकारी कार्यालयांत एकच नवी प्रणाली बसवणे म्हणजे काय असते, ते आपोआप कळते. आपल्या स्वतःच्या उताऱ्यात चूक का आहे, याचाही उलगडा बहुधा तिथेच होतो.

सातबारा हे नाव दोन फॉर्मच्या क्रमांकांवरून पडले आहे. गावाच्या महसुली दप्तरात एक ते एकवीस क्रमांकांचे गाव नमुने असतात. त्यांतील नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, अर्थात जमीन कोणाच्या नावावर, किती क्षेत्र, किती आकार (म्हणजे महसुलाची आकारणी) आणि तिच्यावर इतर कोणाचा हक्क किंवा बोजा आहे याची नोंद. नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. हे दोन्ही एकाच कागदावर देण्याची पद्धत असल्यामुळे तो सातबारा झाला. त्याच्या पाठीमागे आणखी दोन नोंदवह्या उभ्या असतात. नमुना ८अ मध्ये एका खातेदाराच्या गावातील सगळ्या जमिनी एकत्र दिसतात, आणि नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, जिच्यात जमिनीच्या हक्कातील प्रत्येक बदल क्रमाने लिहिला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्याच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, ती चुकीची असल्याचे सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. हे कलम वाचकाने मनात ठेवावे, कारण संगणकात एखादा आकडा चुकीचा पडला तर खोटेपणा सिद्ध करण्याचे ओझे ज्याची जमीन आहे त्याच्यावरच येऊन पडते.

कागदाच्या काळात हे काम कसे चालत असे? एखाद्याने जमीन विकत घेतली, किंवा वडील वारले आणि वारसांची नावे लावायची झाली, की तलाठी नमुना ६ मध्ये फेरफार धरत असे. संबंधितांना नोटीस निघे, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असे, हरकत आलीच तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाई, आणि हरकत नसेल तर तलाठ्याच्या वरचे मंडळ अधिकारी त्या फेरफाराला मंजुरी देत. त्यानंतर तलाठी त्या मंजूर फेरफाराचा सातबाऱ्यावर 'अंमल देत' असे, म्हणजे जुन्या नावाला कंस करून नवे नाव हाताने लिहीत असे. मंजुरी आणि अंमल यांच्यामध्ये कधी एक आठवडा जाई, तर कधी वर्ष. फेरफार मंजूर आहे, पण उताऱ्यावर नाव नाही, ही तक्रार महसूल खात्यात कायमचीच होती. शिवाय सगळे दप्तर तलाठ्याच्या ताब्यात, त्याची दुसरी प्रत सहसा कोणाच्या हाती नसे, आणि तलाठी कधी भेटेल यावर गावाचे वेळापत्रक ठरे.

नव्या प्रणालीने, म्हणजे ई-फेरफारने, या साखळीतील नेमका तो शेवटचा दुवा बदलला. दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदवले गेले की त्याची सूचना संगणकामार्फत थेट महसूल यंत्रणेकडे जाते, तलाठी फेरफार तयार करतो, नोटीस निघते, मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी आपल्या डिजिटल स्वाक्षरीने फेरफार प्रमाणित करतो, आणि त्याच क्षणी सातबाऱ्याला अंमल बसतो. हाताने लिहिण्याचा टप्पाच उरत नाही. कोणी, केव्हा, कोणत्या अधिकाराने नोंद बदलली, याचा माग राहतो, आणि एकाच व्यक्तीला फेरफार धरून स्वतःच मंजूर करता येत नाही. माझ्या मते या संपूर्ण प्रकल्पातील हा सर्वांत मोलाचा बदल आहे, घरबसल्या मिळणाऱ्या उताऱ्यापेक्षाही मोलाचा, कारण उतारा ही केवळ प्रत असते आणि हक्क फेरफाराने बदलतो.

अशी प्रणाली तयार झाल्यावर ती सगळ्या तालुक्यांत लगेच सुरू का करता आली नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही, ते जुन्या नोंदींत सापडते.

माणूस कागद वाचतो तेव्हा समजून घेऊन वाचतो. एका ठिकाणी '१२/१अ', दुसऱ्या ठिकाणी '१२-१-अ' आणि तिसऱ्या ठिकाणी '१२/१/अ' असे लिहिलेले असले तरी तलाठ्याला ती एकच जमीन आहे हे ठाऊक असते. संगणकाला त्या तीन जमिनी वाटतात. कागदावर ज्या नावाला कंस केला आहे ते नाव कमी झाले, हे महसूल खात्यातील नव्या कारकुनालाही पहिल्या आठवड्यात कळते. माहिती भरणाऱ्या ऑपरेटरने मात्र कंसाकडे दुर्लक्ष केले तर वीस वर्षांपूर्वी जमीन विकून गेलेला माणूस पुन्हा मालक म्हणून जिवंत होतो. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर आणि 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ही अक्षरे नावाला चिकटून लिहिलेली असतात आणि त्यांच्यावर भावंडांचे हक्क अवलंबून असतात. ती गळाली तर कर्ता म्हणून लावलेले एकट्याचे नाव एकट्याचीच मालकी दाखवू लागते.

क्षेत्राचे दुखणे याहून अवघड आहे. समजा, एका जुन्या उताऱ्यावर ०.९८, म्हणजे अठ्ठ्याण्णव आर जमीन आहे आणि ती तीन भावांत सारखी वाटायची आहे. प्रत्येकाला ३२.६६ आर आणि वर थोडे येते. नोंद हेक्टर आणि आर इतकीच ठेवायची पद्धत असेल तर प्रत्येकाच्या नावापुढे ०.३३ लिहिले जाते आणि तिघांची बेरीज ०.९९ होते. कागदावर त्या एका आराने कोणाचे काही बिघडत नव्हते, कारण बांध कुठे आहे हे तिघांनाही माहीत होते. संगणक मात्र तिथेच थांबतो. एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळत नसेल तर तो त्या गटावर, म्हणजे क्रमांक दिलेल्या जमिनीच्या त्या तुकड्यावर, पुढचा फेरफार घेऊ देत नाही, आणि घेऊ देऊही नये. त्यात एकरगुंठ्यांचे हेक्टर-आर करताना झालेल्या गोळाबेरजा मिसळल्या (एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर आणि एक आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर, त्यामुळे दोन्ही 'जवळपास सारखेच' धरण्याचा मोह होतोच), की गावोगावी असे न जुळणारे गट शेकड्यांनी निघतात. अशा विसंगती शोधून काढण्यासाठी प्रणालीत तपासणी अहवाल ठेवलेले आहेत. महसूल कर्मचारी त्यांना ओडीसी अहवाल म्हणतात, आणि त्यांतील पहिलाच अहवाल क्षेत्राचा मेळ न बसणाऱ्या सर्व्हे क्रमांकांचा आहे.

यांतील अनेक चुका संगणकाच्या आधीच्या आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. हस्तलिखित सातबारा दर दहा वर्षांनी नव्याने उतरवून काढावा लागे. त्याला पुनर्लेखन म्हणत. प्रत्येक पुनर्लेखनात इतर हक्कातील एखादी ओळ सुटे, एखादे नाव बदले, एखादा बोजा फिटूनही तसाच राही. संगणकाने त्या चुका निर्माण केल्या नाहीत. दप्तराच्या बासनात बांधून पडलेल्या चुका त्याने एकाच वेळी सर्वांसमोर मांडल्या. तरीही जी चूक कागदावर नव्हती आणि माहिती भरताना नव्याने पडली, तिचा त्रास शेतकऱ्याने का सोसावा, हा प्रश्न उरतोच, आणि तो रास्त आहे.

आकड्यांनी या कामाचा आवाका लक्षात येतो. महाराष्ट्रात ३५८ तालुके, सुमारे ४४ हजार गावे आणि अडीच कोटींच्या आसपास सातबारे आहेत. हे काम सुरू झाले तेव्हा तलाठी सजे, म्हणजे एकेका तलाठ्याकडे सोपवलेले गावांचे गट, साडेबारा हजारांच्या घरात होते. म्हणजे एका तलाठ्याकडे सरासरी तीन ते चार गावे आणि दोन हजार सातबारे. हस्तलिखित उतारा आणि संगणकीय उतारा शेजारी ठेवून प्रत्येक ओळ ताडून पाहायला दहा मिनिटे धरली तरी दोन हजार उताऱ्यांना ३३३ तास लागतात, म्हणजे आठ तासांचे एकेचाळीस-बेचाळीस दिवस, तेही दुसरे कोणतेही काम न करता. त्याच काळात तलाठ्याला वसुली, पंचनामे, निवडणूक आणि दाखले यांतून सुटका नव्हती. कित्येक सजांत वीज आणि इंटरनेट भरवशाचे नव्हते. कित्येकांनी लॅपटॉप आणि प्रिंटर पदरचे पैसे घालून घेतले. तलाठ्यांच्या संघटनांनी या मागण्यांसाठी आंदोलनेही केली. त्या वेळी कर्मचारी संगणकाला घाबरतात, बदलाला विरोध करतात, असे सहज बोलले गेले. मला ते पटत नाही. सर्व्हर बंद आहे म्हणून दिवसभर बाहेर ताटकळलेल्या शेतकऱ्यांची बोलणी ज्याला खावी लागतात, त्याने आधी सर्व्हर नीट चालवा असे म्हणणे याला विरोध म्हणता येत नाही.

सर्व्हरचे प्रकरणही समजून घेण्यासारखे आहे. आधीच्या पिढीतील प्रणालीत माहिती तहसील कार्यालयातच असे आणि छापील उतारा तिथूनच मिळे. अशा व्यवस्थेत एका तालुक्याचा संगणक बंद पडला तर त्या एका तालुक्याचे काम अडते. पण उतारा राज्यात कुठूनही मिळावा आणि नोंदणी खात्याशी जोडणी व्हावी, तर माहिती मध्यवर्ती ठिकाणी न्यावी लागते. ती तशी नेल्यावर चांगली जपली जाते, तिची प्रत राहते, सुधारणा एकाच वेळी सर्वत्र पोहोचते. मात्र तिथे ताण आला की एका वेळी कितीतरी तालुके थांबतात. कर्जाच्या हंगामात सगळा महाराष्ट्र एकाच आठवड्यात उतारे काढायला धावतो, आणि प्रणालीची क्षमता त्या आठवड्याच्या गर्दीवरून ठरवायला हवी, वर्षाच्या सरासरीवरून ठरवून चालत नाही.

शेजारच्या कर्नाटकाने 'भूमी' ही प्रणाली याच्या बऱ्याच आधी, २००० ते २००२ च्या सुमारास, १७७ तालुक्यांत उभी केली आणि सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणले. तिथे दोन गोष्टी ठामपणे केल्या गेल्या. एक म्हणजे प्रणालीत शिरताना कर्मचाऱ्याच्या बोटाचा ठसा घेतला जाई, त्यामुळे दुसऱ्याचा पासवर्ड वापरला असे म्हणण्याची सोय उरली नाही. दुसरे म्हणजे तालुका सुरू झाला की त्या तालुक्यात हस्तलिखित उतारा देणे अधिकृतपणे बंद केले गेले. ही दुसरी गोष्ट कठोर वाटते, पण ती आवश्यक असते. कागद आणि संगणक दोन्ही चालू राहिले की अडचणीची नोंद कागदावर आणि सोयीची नोंद संगणकावर होऊ लागते, आणि काही महिन्यांत दोन्ही अभिलेख एकमेकांशी जुळेनासे होतात. महाराष्ट्रातही हस्तलिखित उतारे बंद करावे लागले. प्रश्न इतकाच असतो की कागद बंद करण्याआधी संगणकावरील नोंद पुरेशी तपासली गेली आहे का.

ती तपासणी लोकांसमोर व्हावी म्हणून २०१७ साली चावडी वाचनाचा, म्हणजे नोंदी गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्याचा, मार्ग घेतला गेला. आमच्या गावी ते मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात झाले आणि मी तिथे होतो. तलाठी एकेक गट वाचत होते, कोतवाल नावे पुकारत होता. एका गटाचे क्षेत्र 'शून्य हेक्टर छत्तीस आर' असे वाचले गेले तेव्हा खांबाला टेकून बसलेले सत्तरीचे तात्या उठून म्हणाले, "भाऊसाहेब, छत्तीस नव्हं, त्रेसष्ट. गट पडले तवापासून त्रेसष्टच हाय." तलाठ्यांनी जुने पान काढले. तिथे ०.६३ होते. चूक कशी झाली असावी, हे मला नंतर उमगले. आपण मराठीत आकडा एकमापासून बोलतो. 'त्रेसष्ट' म्हणताना आधी तीन येतो आणि मग साठ. एकजण मोठ्याने वाचत असेल आणि दुसरा ऐकून टंकत असेल, तर पहिले बोट तीनवर पडते आणि त्रेसष्टचे छत्तीस होतात. कोणाचाही वाईट हेतू नसताना सत्तावीस आर जमीन नोंदीतून नाहीशी होते. अशी चूक कोणताही तपासणी अहवाल पकडू शकत नाही, कारण एकूण क्षेत्र आणि खातेदाराचे क्षेत्र दोन्ही छत्तीसच टंकले गेले की बेरीज अगदी बरोबर येते. ती पकडायला तात्याच लागतात, आणि तात्यांपर्यंत ती नोंद कोणीतरी वाचून पोहोचवावी लागते.

चूक सापडल्यावर ती कोणत्या अधिकाराने दुरुस्त करायची, हा पुढचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग. संहितेच्या कलम १५५ नुसार अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातील चूक, दुरुस्त करता येतो. मूळ अभिलेखात एक आहे आणि संगणकात उतरवताना दुसरे पडले, असे स्पष्ट दिसत असेल तर तलाठी प्रस्ताव करतो, तहसीलदार आदेश देतात आणि नोंद दुरुस्त होते. फेरतपासणीच्या मोहिमेत, जिला रि-एडिट म्हटले गेले, मोठ्या प्रमाणावर हेच काम झाले. पण लेखनातील चूक कुठे संपते आणि हक्काचा वाद कुठे सुरू होतो, ही रेघ बारीक आहे. 'त्रेसष्ट'चे 'छत्तीस' झाले, ही लेखनातील चूक. बहिणीचे नाव वारसांत राहून गेले, ही लेखनातील चूक नव्हे. तिथे नोटीस हवी, सुनावणी हवी, आणि प्रकरण फेरफाराच्या किंवा अपिलाच्या मार्गानेच जायला हवे. दुरुस्तीचा मार्ग फार अरुंद ठेवला तर साध्या चुकीसाठी लोक वर्षानुवर्षे खेटे घालतात, आणि फार रुंद ठेवला तर दुरुस्तीच्या नावाखाली एखाद्याचा हक्क त्याला न विचारता काढला जाऊ शकतो. म्हणूनच कोणत्याही सरकारी प्रणालीत ती सुरू करण्यापूर्वी चूक दुरुस्त करण्याचा अधिकार, मुदत आणि नोटिशीची रीत ठरलेली असली पाहिजे असे मला वाटते. आधी सुरू करू, चुका पुढे पाहू, या पद्धतीची किंमत ज्याला संगणक दिसतही नाही तो देतो.

यानंतर प्रणालीचे पुढचे टप्पे आले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला, म्हणजे नमुना १२ चा मजकूर प्रथमच शेताच्या बांधावरून भरला जाऊ लागला. स्मार्टफोन नसलेल्यांना, रेंज नसलेल्या डोंगराळ गावांना आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना यात दुसऱ्याचा आधार लागतो, आणि तो आधार ठरवून देणे हे प्रणालीचेच काम आहे. माहिती भरण्याचे काम सरकारी कर्मचाऱ्याकडून नागरिकाकडे गेले की चूक झाल्याचा दोषही नकळत नागरिकाकडे सरकतो, याकडे लक्ष ठेवले पाहिजे.

वाचकाला आपला उतारा तपासायचा असेल तर संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा सातबारा पाहण्यासाठी ठीक आहे, पण तो केवळ माहितीसाठी असतो; कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा काढावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार अशा स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता आहे, त्यामुळे त्यावर पुन्हा शिक्का मागण्याचे कारण नाही. सोबत तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून संगणकीकरणापूर्वीच्या शेवटच्या हस्तलिखित सातबाऱ्याची आणि त्यावर उल्लेख असलेल्या फेरफारांची नक्कल घ्यावी. मग चार गोष्टी ताडून पाहाव्यात: एकूण क्षेत्र पोटखराब्यासह (म्हणजे लागवडीला अयोग्य भागासह) जुळते का, खातेदारांची नावे आणि नावांपुढील क्षेत्र तेच आहे का, कंस झालेले एखादे नाव परत आले आहे का, आणि इतर हक्कात फिटलेला बोजा राहिला आहे किंवा कोणाचा हक्क गळाला आहे का. तफावत आढळली तर दोन्ही नकला जोडून तलाठ्यामार्फत तहसीलदारांकडे अर्ज करावा आणि अर्जाची पोच घ्यावी.

तात्यांनी तसाच अर्ज केला. काही महिन्यांनी त्यांनी मला नवा उतारा दाखवला. क्षेत्राच्या रकान्यात ०.६३.०० होते आणि खाली फेरफारांच्या यादीत तहसीलदारांच्या दुरुस्ती आदेशाच्या नोंदीचा क्रमांक आला होता. पुढे कोणाला छत्तीसचे त्रेसष्ट कसे झाले, असा प्रश्न पडला तर त्या क्रमांकावरून आदेश काढता येईल आणि त्याला जोडलेली जुन्या पानाची नक्कलही.